‘मुंबई, आयफोन’ एवढ्या पुराव्यावर

प्रिय ताई,

मी वीस वर्षांची आहे, टी. वाय. बी. कॉम. करते. चिंचपोकळीला चाळीत राहते. गेल्या वर्षीपासून ढोलपथकात आहे. सरावानंतर सगळ्यांनी त्या निनावी मेसेजच्या ॲपची लिंक इन्स्टाच्या स्टोरीला टाकली, म्हणून मीही टाकली. सुरुवातीला मजा वाटली. ‘सिंगल आहेस का’, ‘कुणीतरी तुझ्यावर मरतं, तुला पत्ताच नाही’ असलं काहीतरी यायचं. मग एक मेसेज आला, ‘ढोल फोटोपुरता बांधतेस. तिसऱ्या हाताला कायम चुकतेस. तुझ्यामुळे अख्खी रांग फुकट जाते.’ (हात म्हणजे ढोलावर वाजवायचा ठरलेला ठेका.) दोन दिवसांनी दुसरा आला, ‘बापाची नोकरी गेली तरी हिचे नवे शूज बघा.’

बाबा अंधेरीला एका ऑफिसात होते. मे महिन्यात नोकरी गेली. हे मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं. शाळेपासूनची आहे, पथकात मला तीच घेऊन गेली. मी ॲपचे आठवड्याचे पैसे भरून कोणी पाठवलं याची हिंट घेतली, तर ‘मुंबई, आयफोन’ असं आलं. तिच्याकडे आयफोन आहे. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. ती कारण विचारते, मी ‘काही नाही’ म्हणते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इनबॉक्स उघडून बसते. तिला पथकात सगळ्यांसमोर विचारू का? की पोलिसांत जाऊ?

एक राहिलं. तिने लिंक टाकली होती तेव्हा मीही तिला नाव न कळू देता लिहिलं होतं, ‘पथकप्रमुखाच्या पुढे पुढे करणं बंद कर’ असं. मस्करी होती. माझं नाव छापू नका.

– एक वादक

*

चिंचपोकळीच्या मुली,

आधी ती हिंट निकालात काढू, कारण बाकीचा डोलारा तिच्यावर उभा आहे. संध्याकाळी चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावर उभी राहा आणि एका स्लो लोकलमधून उतरणारे किती जण ‘मुंबई, आयफोन’ या वर्णनात बसतात ते बघ. हप्त्यावर घेतलेले का होईना, तुझ्या पथकातही चार-पाच आयफोन सहज निघतील. आणि ‘मुंबई’ म्हणजे काही कुणाचा पत्ता नव्हे. असली ॲप्स बहुतेक वेळा इंटरनेटच्या जोडणीवरून ठिकाणाचा ढोबळ अंदाज बांधतात. डोंबिवलीत पंख्याखाली लोळत कुणी टाईप केलं असेल तरी तो अंदाज मुंबईवर येऊ शकतो. एवढ्या पुराव्यावर आपला सोसायटीचा वॉचमनसुद्धा कुणाला गेटवर अडवणार नाही, आणि तू बारा-पंधरा वर्षांची मैत्री अडवून ठेवली आहेस.

ही हिंट विकण्याचा धंदा कसा चालतो तेही ऐक. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे, ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी. तिने आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने जुलै २०२४ मध्ये एनजीएल या ॲपवर कारवाई केली. (तू कुठलं वापरतेस ते मी पत्रातून गाळलं आहे, आणि ते हेच आहे असं मी म्हणत नाही. प्रकार तोच, एवढंच.) आरोप असा होता की लिंक टाकणाऱ्यांना ॲप स्वतःच बनावट मेसेज पाठवायचं, जणू कुणा ओळखीच्यानेच पाठवलेत. ‘मी विचारलं तर हो म्हणशील का’ या धाटणीचे. मग माणसाची उत्सुकता चाळवली की ‘कोणी पाठवलं ते बघा’ म्हणून आठवड्याला ९.९९ डॉलरपर्यंत पैसे घ्यायचे. आणि पैसे भरल्यावर नाव कळायचंच नाही. मेसेज किती वाजता आला, फोन अँड्रॉइड की आयफोन, साधारण कुठून आला, एवढीच माहिती हातात. फसलो म्हणून तक्रार करणाऱ्यांची कंपनीतले लोक आपसांत टिंगल करत होते, हेही त्या प्रकरणात बाहेर आलं. शेवटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ते ॲप देण्यावर बंदी आली.

आता तुझा इनबॉक्स पुन्हा वाच. ‘सिंगल आहेस का’, ‘कुणीतरी तुझ्यावर मरतं’. हे मेसेज कांदिवलीच्या, कोल्हापूरच्या, कराचीच्या कुठल्याही मुलीला जसेच्या तसे चालतील. ते माणसाने लिहिले असतील याची मला अजिबात खात्री वाटत नाही. उरलेले दोन मात्र माणसाचेच. ढोलाचा तिसरा हात कुठल्या मशीनला कळणार? म्हणजे तुला कुणीतरी लिहिलंय, हा तुझा अंदाज बरोबर आहे. ते तिनेच लिहिलंय, याला मात्र आधार नाही.

तू म्हणशील, बाबांचं फक्त तिलाच माहीत होतं. इथे मी तुला जरा रागावणार आहे. अगं, तू चाळीत राहतेस! जो माणूस वर्षानुवर्षं सकाळी आठला इनशर्ट करून, डब्याची पिशवी घेऊन जिना उतरायचा, तो मे महिन्यापासून साडेनऊला बनियनवर गॅलरीत पेपर वाचताना दिसतो. समोरच्या खोलीतल्या काकू काय आंधळ्या आहेत? दुपारी तीनला कुकरची शिट्टी होते, कारण आता दुपारी जेवायला एक पान जास्त असतं. खालच्या वाण्याची उधारी महिनाअखेरीऐवजी दहा तारखेनंतर फिटते. आई नळावर काही बोलली नसेल, पण तिच्या बहिणीला फोनवर बोलली असेल, आणि चाळीतला फोन म्हणजे दार उघडं टाकून केलेला फोन. बाबांनी स्वतः नव्या नोकरीसाठी दोन-चार जणांना शब्द टाकला असेल, तो टाकलाच पाहिजे ना? तुझ्या पथकातली निम्मी मुलं लालबाग, करी रोड, काळाचौकीची. कुणाची आत्या तुमच्या मजल्यावर आहे, कुणाचे मामा तुझ्या बाबांबरोबर क्रिकेट खेळलेत. तू गुपित एकीला सांगितलंस हे खरं. ते फुटायला तिची गरज नव्हती, हेही तितकंच खरं.

शिवाय शूज. शूज दिसले म्हणून ती ओळ सुचली. लिहिणाऱ्याने ते सरावाला बघितले असणार, किंवा तुझ्या स्टोरीत. ते शूज तू कुठून घेतलेस, कोणी दिले, किती दिवस पैसे साठवलेस, हे तुझ्या मैत्रिणीला बहुतेक माहीत असेल. लिहिणाऱ्याला ते माहीत नाही, म्हणून तर टोमणा मारला. हा काही कोर्टात टिकणारा युक्तिवाद नाही, पण ‘मुंबई, आयफोन’पेक्षा नक्कीच बरा आहे.

पोलिसांचं विचारलंस, ते थोडक्यात सांगते. हे दोन्ही मेसेज हलकट आहेत, पण पोलिसांनी धावून यावं असे नाहीत. २०१२ साली इथेच पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती. त्यावरून जो गदारोळ उठला, त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. ते झालं ते बरंच झालं. कुणाला काही बोचलं की उचला, अशी सोय कुणाच्याच हातात नको.

पण सूर बदलला, म्हणजे ‘बघून घेईन’, ‘सरावावरून एकटी येतेस ना’, तुझे फोटो, फोटोंवरून पैशांची मागणी, किंवा नको म्हटल्यावरही कुणी सतत मागे लागणं, तर गप्प बसू नकोस. नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी भारतीय न्याय संहितेत वेगळी तरतूद आहे, कलम ३५१(४). धमकीच्या मूळ शिक्षेच्या वर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीचा ऑनलाइन पाठलाग कलम ७८ मध्ये येतो. मेसेज पुसायच्या आधी तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घे. ॲपही तोवर काढू नकोस. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, किंवा सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे कारण गुन्हा नोंदवून न घेण्यासाठी चालत नाही. १९३० हा हेल्पलाइन नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आणि जाताना आईला किंवा बाबांना बरोबर ने, एकटी जाऊ नकोस.

पोलिसांनी रीतसर मागितलं तर पाठवणाऱ्यापर्यंत पोचता येतं का? बऱ्याचदा येतं. निनावी म्हणजे तुझ्यासाठी निनावी. कंपनीकडे काही ना काही खुणा असतात, पण लोकांची माहिती अशा कंपन्या जबाबदारीने हाताळतात असंही नाही. तुझ्या मोठ्या चुलत भावंडांना ‘सराहा’ या असल्याच निनावी ॲपबद्दल विचार. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या भारतात त्याचे स्क्रीनशॉट फिरत होते. त्याच महिन्यात उघडकीला आलं की ते ॲप लोकांच्या फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट आपल्या सर्व्हरवर चढवतंय. पुढच्याच वर्षी, मुलांना छळण्यासाठी वापर होतो म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका आईने मोहीम चालवली, आणि गुगल-ॲपल दोघांनीही ते आपापल्या दुकानातून काढलं. त्याच्याआधी ‘सीक्रेट’ नावाचं होतं, ते २०१४ ला आलं नि २०१५ ला बंद. स्नॅपचॅटला जोडून चालणाऱ्या ‘योलो’ला तर २०२१ मध्ये स्नॅपचॅटनेच तोडून टाकलं, एका मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईने कोर्टात धाव घेतली तेव्हा. दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव येतं, कॉलेजं वेडी होतात, कुणाचं तरी वाटोळं होतं, मग पुढचं.

निनावी लिहिण्याची खोड काही फोनबरोबर आली नाही, हेही सांगते. तुझ्या आजीला विचार, ठरलेली लग्नं मोडायला मुलाच्या घरी कशी पत्रं जायची. डाव्या हाताने लिहिलेली, दुसऱ्याच गावच्या पोस्टाचा शिक्का, सही ‘आपला एक हितचिंतक’. केंद्रीय दक्षता आयोगाला तर १९९९ मध्ये परिपत्रक काढून सरकारी खात्यांना सांगावं लागलं की निनावी तक्रारींवर कारवाई करू नका, इतकी ती डोकेदुखी झाली होती. फरक एवढाच, की तेव्हा हितचिंतकाला निदान पाकीट आणि तिकीट विकत घ्यावं लागायचं. आता लिहिणाऱ्याला फुकट आणि वाचणारीला आठवड्याचे पैसे. हे उलटं गणित ज्याने शोधलं तो धंद्याला पक्का.

(तूही मला नाव न छापता लिहिलं आहेस, आणि या सदराचा गाडा अशाच पत्रांवर चालतो, हे मला कळतं. पण तू लिहिलंस ते स्वतःबद्दल.)

पहिल्या मेसेजचं काय करायचं? त्यातला विखार बाजूला काढला तर एक तपासता येईल असा मुद्दा उरतो: तिसरा हात चुकतो का? हे फोनला विचारून कळणार नाही. पुढच्या सरावाला ताशावाल्यांपैकी जो जुना, खडूस असेल त्याला विचार, ‘दादा, माझा तिसरा हात बरोबर पडतोय का?’ खडूसच गाठ, गोड बोलणारा नको. चुकत असेल तर तो तिथल्या तिथे टिपरू हातात घेऊन दाखवेल आणि दोन आठवड्यांत बसेल. चुकत नसेल तर तो विषयच संपला. आणि हे विचारताना रांगेतल्या इतरांनी ऐकलं तर ऐकू दे. ज्याने लिहिलंय त्याच्याही कानावर जाईल की तू हे तोंडावर ऐकून घ्यायला तयार आहेस.

दुसऱ्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही. स्टोरीवर ‘काही लोकांना...’ असं लिहून तर मुळीच नाही. तू तडफडतेस हे बघायला लिहिणारा तिथेच बसलेला असतो. पण त्या मेसेजने तुला जे टोचलं, ते शूज नव्हेत असं मला वाटतं. बाबांची नोकरी गेली याची तुला लाज वाटते आहे का? वीस वर्षांच्या मुलीला वाटू शकते, त्यात पाप नाही. पण मे महिन्यापासून तू ते झाकून ठेवते आहेस, बाबाही झाकताहेत, आणि घरात तिघंही एकमेकांसमोर सगळं ठीक असल्यासारखं वागत असाल. एखाद्या संध्याकाळी बाबांना विचार, कुठे कुठे अर्ज केलेत, सीव्ही टाईप करून देऊ का. अंधेरीच्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या माणसाला नोकरीच्या वेबसाइटवर खातं उघडून देणं हे टी. वाय. बी. कॉम.च्या मुलीला अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या घरात हे उघड बोललं गेलं की बाहेरच्या कुणाला टोमणा मारायला फारसं उरणार नाही.

रात्री दोनपर्यंत जागण्याचं मी हलक्यात घेत नाही. आज लिंक काढून टाक. त्याआधी त्या दोन मेसेजचे स्क्रीनशॉट ठेव, मग खातंच बंद कर. नुसतं ॲप फोनमधून काढलंस म्हणून पैसे कापले जायचे थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं, आणि यूपीआयवरून भरले असशील तर तिथल्या ऑटोपेमध्येही एकदा बघून घे. एवढं करूनही झोप लागली नाही, जेवण जाईना, जीव नकोसा व्हायला लागला, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

आता ते ‘एक राहिलं’.

तू ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले. ‘पथकप्रमुखाच्या पुढे पुढे करणं बंद कर.’ ही मस्करी कशी झाली, मला कळलं नाही. एका मुलीबद्दल, एका पुरुषाचा उल्लेख करून, नाव लपवून लिहिलेलं हे वाक्य आहे. तुझ्या शूजवरच्या टोमण्यापेक्षा ते जास्त जिव्हारी लागणारं आहे, कारण पथकात मुलीच्या नावावर असली कुजबुज चिकटली की ती मिरवणूक संपली तरी संपत नाही. हे वाचून तीही रात्री दोनपर्यंत जागली असेल. तिनेही पैसे भरून हिंट घेतली असेल. तुझा फोन अँड्रॉइड असेल तर तिच्या स्क्रीनवर ‘मुंबई, अँड्रॉइड’ आलं असेल, आणि तिने पथकातल्या कुणावर तरी, जिचा काही संबंध नाही अशा मुलीवर, संशय धरला असेल. किंवा तुझ्यावर. आणि तरीही ‘काय झालंय तुला’ म्हणून ती तुला विचारते आहे.

या सगळ्या भानगडीत पाठवणारी कोण हे तुला पक्कं ठाऊक असलेला मेसेज एकच आहे, आणि तो तुझा. तेव्हा तिला सगळ्यांसमोर जाब विचारायचा प्रश्नच मिटला. तिला एकटीला गाठ. व्हॉट्सॲपवर नको, तिथे तू तीन वेळा लिहून पुसशील आणि शेवटी एक रडका इमोजी पाठवशील. सरावाला दोघी बरोबर जायचात ना? त्या रस्त्यावर, चालता चालता बोल. चालताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ते बरं पडतं. आधी तुझं सांग: ‘तुला तो पथकप्रमुखाचा मेसेज आला होता ना, तो मी पाठवला होता.’ मग थांब. लगेच ‘पण मस्करीत’ जोडू नकोस, आणि लगेच स्वतःच्या मेसेजची कहाणी सुरू करू नकोस. तिला काय बोलायचं ते बोलू दे. ती चिडेल. कदाचित उलट फिरून घरी जाईल. तो तिचा हक्क आहे. दोन दिवस, आठवडा, लागेल तेवढा वेळ दे. पथकात कुणाच्या मध्यस्थीने निरोप पाठवू नकोस.

ती थांबली, ऐकून घेतलं, तर मग शूजचा मेसेज तिला दाखव. ‘हा तू लिहिलास का’ असं विचारू नकोस. ‘हे आलं, तेव्हापासून मी तुझ्याशी बोलत नव्हते’, एवढं सांग. आणि तिने विचारलंच, ‘म्हणजे तुला मी वाटले?’, तर ‘हो’ म्हण.

– ताई